केंब्रिज एका दिवसात: तारीख ठरवण्यापासून परतीच्या फलाटापर्यंत

लंडनला किंवा आसपास राहणाऱ्या मराठी घरांत हा कार्यक्रम ठरलेला असतो. आई-बाबा उन्हाळ्यात येतात, एखाद्या शनिवारी स्वस्त तिकिटं दिसतात आणि सगळे केंब्रिजला निघतात. अकरा-साडेअकराला पोहोचतात, कॉलेजांच्या दारांवर ‘बंद’च्या पाट्या वाचतात, रस्त्यावरच्या पोराकडून मिळेल त्या भावात नावेचं तिकीट घेतात आणि दुपारी तीनला पाय धरून बाकावर बसतात. “छान आहे, पण बाहेरूनच पाहिलं सगळं,” असं म्हणत परत येतात.

गडबड क्रमाची असते. लोक आधी रेल्वेचं तिकीट काढतात, मग काय बघायचं ते शोधतात आणि काय कधी उघडं असतं ते दारात गेल्यावर कळतं. हाच क्रम उलटा करायचा. आधी तारीख, मग आत जाऊन पाहायचं एक मुख्य ठिकाण, मग नाव, आणि सर्वांत शेवटी रेल्वे.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. केंब्रिजमध्ये ‘विद्यापीठ’ नावाची एक जागा नाही. एक फाटक, आत कॅम्पस, असं काही शोधू नका आणि टॅक्सीवाल्याला “युनिव्हर्सिटीला सोडा” सांगू नका. ३१ कॉलेजं गावभर पसरली आहेत. प्रत्येकाचं दार वेगळं, वेळ वेगळी, तिकीट वेगळं. तिथे मुलं राहतात, जेवतात, परीक्षा देतात, आणि पाहुण्यांना कॉलेज आपल्या सवडीनं आत घेतं. तुमचा दिवस त्यांच्या वेळापत्रकाभोवती बसवावा लागतो. हे मान्य केलं की पुढचं सोपं आहे.

## टप्पा १: तारीख (निदान तीन आठवडे आधी)

इथेच सर्वाधिक लोक चुकतात, म्हणून इथे जरा थांबू.

विद्यापीठाची वर्षात तीन सत्रं असतात: ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. यातलं तिसरं परीक्षांचं. या काळात बरीच कॉलेजं पाहुण्यांना पूर्ण बंद असतात किंवा अगदी थोडा भाग उघडा ठेवतात. परीक्षा संपल्यावर जूनमध्ये समारंभ आणि मग पदवीदान, म्हणजे तेव्हाही दारं अधूनमधून बंदच. नेमका हाच काळ आपल्याकडच्या पाहुण्यांचा. मे महिन्यात हवा छान असते, झाडं फुललेली असतात, आणि आत जायला मिळत नाही.

मग जायचं कधी?

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर, किंवा जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत गेलात तर कॉलेजं बहुतेक उघडी असतात, गर्दी कमी असते आणि किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये संध्याकाळची गायन-प्रार्थना चालू असते. माझ्या मते हाच सर्वांत चांगला काळ. थंडी सोसायची तयारी हवी आणि दिवस लहान असतो हे लक्षात ठेवायचं. डिसेंबरात चारच्या आसपास अंधार पडतो.

जुलै ते सप्टेंबर कॉलेजं उघडी, दिवस मोठा, पण गर्दी प्रचंड आणि चॅपेलमधलं नेहमीचं गायन सुट्टीवर. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर थंडीपेक्षा गर्दी परवडली. अशा वेळी हाच काळ घ्या, पण शनिवार टाळा.

मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची सुट्टीही बरी असते. गर्दी बेताची, गायन नाही.

वाराचंही पाहायला हवं. सोमवारी फिट्झविल्यम म्युझियम आणि केटल्स यार्ड हे कलादालन ही दोन्ही बंद असतात, आणि पाऊस आला तर तीच आसऱ्याची ठिकाणं. रविवारी फिट्झविल्यम दुपारी १२ला उघडतं, चॅपेलांमध्ये प्रार्थना असल्यामुळे पाहुण्यांच्या वेळा तुटक असतात आणि रेल्वेची दुरुस्तीची कामंही बहुधा रविवारीच निघतात. मंगळवार ते गुरुवार यांतला एक दिवस रजा टाकून मिळाला तर सोनं.

तपासा: तारीख ठरवण्याआधी ज्या एका-दोन कॉलेजांत जायचं आहे त्यांच्या संकेतस्थळावरचं ‘पाहुण्यांसाठी वेळा’ हे पान स्वतः उघडून बघा. गुगलच्या नकाशावर दिसणारी वेळ धरू नका. एखादं लग्न, ध्वनिमुद्रण किंवा समारंभ असला की कॉलेज आपल्या पानावर लिहितं. नकाशाला त्याचा पत्ता नसतो.

## टप्पा २: एकच मोठं ठिकाण निवडा

किंग्ज, ट्रिनिटी, सेंट जॉन्स आणि क्वीन्स अशी चारही नावं यादीत घालून निघालात तर दिवस दारं मोजण्यात जाईल. प्रवेश-तिकिटंही खिशाला जाणवतात. एकाला पैसे मोजा, बाकीची नदीवरून आणि रस्त्यावरून पाहा.

ते एक म्हणजे बहुतेकांसाठी किंग्ज कॉलेजचं चॅपेल. १४४६ साली सुरू झालेलं हे बांधकाम १५१५ पर्यंत चाललं. दगडी पंख्यांसारखं पसरलेलं त्याचं छत फोटोत कळत नाही. तिकीट ऑनलाइन आधी काढा. तिकिटावर कोणत्या दारातून यायचं तेही वाचा, कारण मोठा दर्शनी दरवाजा दर वेळी पाहुण्यांसाठी असतोच असं नाही.

किंग्जसाठी बिनपैशाचा मार्गही आहे. सत्राच्या दिवसांत संध्याकाळी, बहुधा साडेपाचच्या सुमारास, इथे गायन-प्रार्थना होते. कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली, प्रवेश मोफत. छत तेच आणि त्याखाली तिथल्या प्रसिद्ध वृंदाचा आवाज. मात्र ही प्रार्थना आहे. फोटो काढता येत नाहीत, मध्येच उठून जाता येत नाही, फिरून खिडक्या बघता येत नाहीत. चुळबुळ करणारं मूल बरोबर असेल तर दिवसाचं तिकीटच काढा. मोठी माणसंच असतील तर मी दिवसाचं तिकीट वाचवून संध्याकाळी रांगेत उभं राहायला सांगेन.

सेंट जॉन्समध्ये लोक ‘उसाशांचा पूल’ पाहायला पैसे भरतात. त्याच पुलाखालून नाव जाते, तेव्हा फक्त पुलासाठी तिकीट काढू नका. कॉलेज पाहायचंच असेल तर गोष्ट वेगळी. रँग्लर परांजपे इथलेच. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा माणूस १८९९ साली इथून गणितात सीनियर रँग्लर झाला, म्हणजे परीक्षेत पहिला आला. गणिताची आवड असलेलं मूल बरोबर असेल तर किंग्जऐवजी हे कॉलेज निवडलंत तरी चालेल.

ट्रिनिटीच्या बाबतीत सावध राहा. पाहुण्यांना तिथे मर्यादित प्रवेश असतो. त्यांचं रेन ग्रंथालय मोफत आहे, पण दिवसातल्या थोड्याच वेळात उघडतं. रामानुजनची ‘हरवलेली वही’ याच ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. काचेच्या पेटीत तुम्ही जाल त्या दिवशी ती मांडलेली असेलच असं समजून जाऊ नका. उघडण्याची वेळ जुळली तरच ट्रिनिटी दिवसात बसवा, नाहीतर दारासमोरचं सफरचंदाचं झाड पाहून पुढे चला. न्यूटनच्या गावच्या झाडापासून कलमानं आलेलं, एवढंच त्याचं नातं. त्याच झाडाखाली न्यूटन बसला होता, असं मुलांना सांगू नका.

आणखी एक नेहमीचा घोळ नारळीकरांच्या कॉलेजचा. ‘फिट्झविल्यम’ नाव वाचून लोक म्युझियममध्ये चौकशी करतात. जयंत नारळीकर १९५७ साली आले तेव्हा फिट्झविल्यम हाउस म्युझियमच्या समोरच, ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर होतं. आताचं फिट्झविल्यम कॉलेज गावाच्या वायव्येला, हंटिंग्डन रोडच्या चढावर आहे आणि एका दिवसाच्या पायी फेरीत बसत नाही. नारळीकर पुढे किंग्जचे फेलो, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-संशोधक मंडळाचे सदस्य होते, तेव्हा त्यांच्या आठवणीसाठी किंग्जच पुरे.

## टप्पा ३: नाव आरक्षित करा

नाव म्हणजे पंट. सपाट तळाची, लांब काठीनं ढकलायची. कॉलेजांच्या मागच्या बाजूनं कॅम नदी वाहते आणि तिथून क्वीन्स, किंग्ज, क्लेअर, ट्रिनिटी, सेंट जॉन्स अशी ओळीनं दिसतात. बंद दारांवरचा सर्वांत चांगला उतारा हाच.

नावाड्यासह फेरी साधारण ४५ मिनिटांची. ती घरूनच आरक्षित करा आणि सकाळची, शक्यतो साडेदहाची घ्या. उन्हाळ्यात दुपारी नदीवर इतक्या नावा होतात की पुलांखाली वाहतूक तुंबते. सकाळी आरक्षण असलं की रस्त्यावरच्या तिकीटविक्यांना “झालं आमचं” एवढंच सांगून पुढे जाता येतं.

इशारा: किंग्ज परेड आणि आसपास पाट्या घेतलेली तरुण मंडळी गोड बोलून अडवतात. पहिला भाव शेवटचा नसतो, आणि नाव नेमकी कुठून सुटते हेही नीट सांगतीलच असं नाही. धक्के दोन बाजूंना आहेत: दक्षिणेला मिल लेन-सिल्व्हर स्ट्रीटपाशी आणि उत्तरेला मॉडलिन पुलाजवळच्या की-साइडला. आपलं तिकीट कोणत्या धक्क्याचं, ते आधी पाहा. एकाकडून दुसऱ्याकडे चालत जायला पंधरा मिनिटं सहज जातात.

आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की नावेत बैठक जवळजवळ तळाशी असते. मांडी घालून खाली बसता-उठता येत असेल तर अडचण नाही. गुडघे दुखत असतील तर आरक्षणाच्या वेळी कंपनीला विचारा आणि धक्क्यावर हात धरायला एक जण पुढे, एक मागे ठेवा. साडी चालते, पण पदर खोचलेला हवा. लहान मुलांसाठी लाइफ जॅकेट मागून घ्या.

स्वतः नाव चालवायची हौस असेल तर ती दुसऱ्या खेपेला. हट्टच असेल तर एवढं पाळा: केंब्रिजमध्ये नावेच्या मागच्या टोकाच्या फळीवर उभं राहतात. काठी सरळ खाली सोडायची, तळाला लागली की ढकलायची, चिखलातून सोडवायला थोडी पिळायची, आणि मग सुकाणूसारखी मागे धरायची. काठी रुतली तर सोडून द्यायची. नाव पुढे आणि माणूस काठीला लटकलेला, हा तिथला रोजचा तमाशा आहे. पूल हातानं ढकलू नका. नाव आणि दगड यांच्यात बोटं सापडतात.

## टप्पा ४: आता रेल्वे

किंग्ज क्रॉसहून जलद गाडी साधारण ५० मिनिटांत पोहोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटहून सव्वा तास किंवा थोडा जास्त लागतो. पूर्व लंडनमध्ये राहत असाल तर मात्र घरापासूनचा सगळा वेळ मोजा, कधी कधी लिव्हरपूल स्ट्रीटच सोयीचं पडतं. सेंट पँक्रसहून जाणाऱ्या थेट गाड्या वाटेत खूप थांबतात. समोर उभी दिसली म्हणून चढू नका.

तिकिटांत तीन चुका नेहमी होतात.

पहिली, ऑयस्टर कार्ड टेकवून निघणं. ऑयस्टर केंब्रिजपर्यंत चालत नाही, वेगळं तिकीट लागतं.

दुसरी, कंपनीचं बंधन न वाचणं. काही स्वस्त तिकिटं एकाच कंपनीच्या गाड्यांना चालतात. जाताना लिव्हरपूल स्ट्रीटहून गेलात आणि येताना किंग्ज क्रॉसच्या गाडीत बसलात, तर तिकीट असूनही विनातिकीट. आगाऊ काढलेलं ‘ॲडव्हान्स’ तिकीट तर फक्त त्याच गाडीचं. परतीसाठी ते घेऊच नका. संध्याकाळचं गायन कधी संपेल, आजींचे पाय कधी दुखतील, यावर परतीची वेळ ठरते.

तिसरी, सवलत सोडून देणं. तीन ते नऊ जण गर्दी नसलेल्या वेळी एकत्र जात असाल तर ‘ग्रुपसेव्ह’ने तिकीट एक तृतीयांश स्वस्त होतं, आणि त्यासाठी कोणतंही कार्ड लागत नाही. तिकीट काढताना तो पर्याय निवडावा लागतो एवढंच. दोघंच असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्डचा विचार करा, पण ते आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतरच चालतं आणि दोघांनी बरोबरच प्रवास करावा लागतो. ५ ते १५ वयाच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याहून लहानांना मोफत.

आठवड्याच्या दिवशी स्वस्त तिकीट घेतलंत की साडेनऊच्या आधीची गाडी बहुधा मिळत नाही. मग नाव साडेअकराची घ्या आणि पुढचं सगळं तासाभरानं सरकवा. शनिवार-रविवारी हे बंधन नसतं.

गाडीनं यायचं असेल, आणि स्लाव किंवा मिल्टन कीन्सहून तेच सोपं पडतं, तर गावात शिरू नका. मध्यभागातले रस्ते अरुंद, बरेचसे खासगी गाड्यांना बंद, आणि पार्किंग महाग. बाहेरच्या ‘पार्क अँड राइड’ला गाडी लावा आणि बस घ्या. दक्षिणेकडून एम-११ नं येणाऱ्यांना ११ क्रमांकाच्या जंक्शनजवळचं ट्रम्पिंग्टन सोयीचं.

इशारा: ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच दिवशी करू नका. दोन्हींमध्ये थेट रेल्वे नाही. दोन्ही दाखवणाऱ्या बससहली असतात, पण त्यांत निम्मा दिवस बसच्या खिडकीतून जातो.

तपासा: आदल्या रात्री नॅशनल रेलच्या ॲपवर गाडी पुन्हा बघा. रेल्वेऐवजी बस सोडली असेल तर तास-दीड तास वाढतो आणि सकाळची नाव चुकते.

## टप्पा ५: पिशवी आणि डबा

सूटकेस आणू नका, कॉलेजात ठेवून घेत नाहीत. विमानतळावरून थेट केंब्रिज करून घरी जाऊ, हा बेत सोडाच.

वाऱ्याला अडेल असं जाकीट प्रत्येकाला हवं, जुलैतही. आजूबाजूचा प्रदेश सपाट आहे आणि नदीवर वारा लागतो. बूट मऊ तळाचे घ्या, कारण कॉलेजांतल्या फरसबंद वाटा टाचांना मानवत नाहीत. पावसाची छत्री असू द्या, पण नावेत ती उघडू नका.

डबा न्या. मेथीचे पराठे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, जे टिकेल ते. खायचं कुठे, हे आधी ठरवा. कॉलेजच्या आत नाही. दक्षिणेच्या धक्क्याजवळ नदीकाठी हिरवळ आहे, उन्हाळ्यात तिथे गाई चरत असतात. गावाच्या मधोमध क्राइस्ट्स पीसेस, थोडं दक्षिणेला पार्कर्स पीस आणि उत्तरेला जीझस ग्रीन. या सार्वजनिक हिरवळींवर बिनधास्त पंगत मांडा. डबा नसेल तर बाजारचौकातल्या गाड्यांवर शाकाहारी पोट भरतं. भारतीय जेवणच हवं म्हणून मिल रोडला भरदुपारी जाऊ नका, जाण्यायेण्यात तास मोडतो.

## टप्पा ६: स्टेशन ते धक्का

उतरायचं ‘केंब्रिज’ला. ‘केंब्रिज नॉर्थ’ हे वेगळं स्टेशन आहे आणि तिथून गाव लांब पडतं.

मुख्य स्टेशनही गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे. बाहेर आल्यावर समोर जुन्या इमारती दिसत नाहीत, तेव्हा “चुकलो की काय?” असं वाटून घेऊ नका. चालायला २५ मिनिटं. वयस्कर माणसं असतील तर बसनं जा. त्यांचे पाय आत्ता खर्च करायचे नाहीत, दुपारी लागणार आहेत.

चालणाऱ्यांनी गर्दीमागोमाग सरळ दुकानांच्या रस्त्यानं जाऊ नये. स्टेशन रोडनं हिल्स रोडला लागा, उंच मनोऱ्याच्या चर्चपाशी डावीकडे लेन्सफील्ड रोडवर वळा, आणि शेवटी उजवीकडे ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर. म्युझियम डाव्या हाताला लागतं आणि तसंच पुढे गेलं की मिल लेनचा धक्का.

इशारा: ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना पदपथालगत उघडे पाण्याचे पाट आहेत. सतराव्या शतकात गावाला पाणी आणण्यासाठी केलेल्या योजनेचा तो भाग. वर जाळी नाही. फोटो काढता काढता मागे सरकणारा माणूस आणि बाबागाडीचं चाक यांच्यासाठी ते वाईट. आणि रस्ता ओलांडताना सायकली बघा, त्या आवाज न करता येतात.

नावेआधी स्वच्छतागृह उरकून घ्या. म्युझियम उघडं असेल तर तिथलं चांगलं. गावात लायन यार्ड आणि ग्रँड आर्केड ही दोन खरेदी-संकुलं लक्षात ठेवा.

## टप्पा ७: दिवसाचा क्रम

१०:३० नाव. बसताना फोन खिशात नीट ठेवा. नावाडी ज्या गोष्टी सांगतो त्यांतल्या निम्म्या गोष्टी गमतीच्या असतात. क्वीन्सचा लाकडी पूल न्यूटननं एकही खिळा न वापरता बांधला, ही त्यांतलीच. पूल १७४९ चा, न्यूटन वारला १७२७ साली.

११:३० किंग्ज. नाव संपल्यापासून तिकिटाच्या वेळेपर्यंत निदान वीस मिनिटं हाताशी ठेवा. वाटेत बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॉर्पस कॉलेजचं २००८ सालचं सोनेरी घड्याळ आहे, वर टोळासारखा प्राणी बसलेला. पाच मिनिटं बघा आणि पुढे व्हा. संध्याकाळच्या गायनाला थांबणार असाल तर हा तास एमॅन्युएल किंवा पेंब्रोक अशा लहान कॉलेजांसाठी वापरा. परीक्षेचा काळ सोडून ती सहसा मोफत बघू देतात.

कॉलेजात शिरताना आपल्या वाड्यांची आठवण ठेवा. मोठा दरवाजा बंद दिसला तरी त्यातली दिंडी उघडी असते, आत देवडी, मग चौक. देवडीत पोर्टर, म्हणजे कॉलेजचे द्वारपाल, बसलेले असतात. त्यांच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. “आम्ही आत बघू शकतो का?” एवढं नीट विचारलं की बहुतेक वेळा ते हसून सोडतात आणि नाही म्हणाले तर वाद घालून उपयोग नाही. चौकातल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, तो हक्क फेलोंचा. मुलांना हे दाराबाहेरच सांगा. जिन्यांवर चढू नका, वर लोकांच्या खोल्या आहेत.

१२:४५ जेवण. एक वाजला की बाजारचौकात रांगा लागतात, म्हणून थोडं आधी.

२:०० दुसरं काहीतरी एकच. पाऊस किंवा थंडी असेल तर फिट्झविल्यम म्युझियम. मोफत, उबदार, बसायला बाकं. सगळी दालनं करू नका, वरच्या मजल्यावरची चित्रं पुरे. ऊन असेल तर ग्रेट सेंट मेरीज चर्चचा मनोरा: १२३ पायऱ्या, अरुंद गोल जिना, वरून किंग्ज आणि बाजारचौक एका नजरेत. गुडघेवाल्यांना खाली चहा पाजा. रेन ग्रंथालयाची वेळ जुळत असेल तर ते आधी. चिंतामणराव देशमुखांचं कॉलेज बघायचं असेल तर जीझस कॉलेज इथून पायी दहा मिनिटांवर आहे.

ग्रँचेस्टरच्या चहाबागेपर्यंत नदीकाठानं जाणारी वाट सुंदर आहे, पण एकीकडून तीनेक किलोमीटर. ती घेतलीत तर दुपारचं बाकी सगळं सोडा.

४:०० मागची बाजू, पायी. हे बहुतेक जण विसरतात. ट्रिनिटी हॉल आणि ट्रिनिटीच्या मधून गॅरेट हॉस्टेल लेन नदीकडे जाते. तिथला पूल सार्वजनिक आहे, तिकीट नाही. नावांची धडपड बघायला याहून चांगली जागा नाही. पलीकडे उतरून क्वीन्स रोडनं डावीकडे चालत गेलात की कुरणापलीकडे किंग्जचं चॅपेल दिसतं. छापील चित्रांत असतं तेच दृश्य, फुकट. कुटुंबाचा फोटो इथे काढा. थंडीच्या दिवसांत हा टप्पा तीनला घ्या, नाहीतर उजेड जाईल.

५:०० गायनाची रांग (सत्र चालू असेल तर). त्या दिवशी गायन आहे ना, किती वाजता, आणि रांग कोणत्या दारापाशी, हे सकाळीच बघून ठेवा. आत बसल्यावर फोन पूर्ण बंद करा, नुसता आवाज बंद नको. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, एवढंच जमलं की झालं. संपायला पाऊण ते एक तास लागतो.

## टप्पा ८: परत

गायन संपल्यावर “आता थोडी दुकानं” असं कोणीतरी म्हणतं. बहुतेक दुकानं तोवर बंद झालेली असतात. खरेदी करायची तर दुपारी दोन ते चारमधली वीस मिनिटं त्यासाठी ठेवा.

स्टेशनला परतायला चालत अर्धा तास धरा, सकाळपेक्षा पाय जड असतात. बसनं जाणार असाल तर थांबा कुठला, ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.

स्टेशनात फलकावर गाडी कोणत्या लंडन स्टेशनला जाते ते वाचा आणि आपल्या तिकिटावरच्या कंपनीशी ताडून पाहा. सर्वांत आधी सुटणारी गाडी सर्वांत आधी पोहोचतेच असं नाही. सावकाश गाडीत बसलात तर तुमच्या मागून सुटलेली जलद गाडी वाटेत पुढे निघून जाते. आणि फलाटाचा आकडा नीट बघा: इथले १ आणि ४ हे एकाच लांबलचक फलाटाचे दोन भाग आहेत. एका टोकाला पिशव्या ठेवून निवांत बसलात आणि गाडी दुसऱ्या टोकाला लागली, तर आजी-आजोबांसह ते अंतर धावत काढावं लागतं.